गाडगेबाबांचा खराटा

मराठी मुलखात एक चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. अंगात ठिगळांचे वस्त्र, डोक्यावर पालथे घातलेले मातीचे फुटके गाडगे, वाढलेली दाढी आणि हातात खराटा. ग्रामपंचायतीच्या कचेरीत ते असते, शाळेच्या भिंतीवर असते. पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात तलमडुगुच्या बाजूला जी मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्यांनाही हा म्हातारा कोण हे सांगावे लागत नाही. शब्बाथ शाळेतील मुलांना विचारा, ती लगेच सांगतील की हे गाडगेबाबा, ते रस्ते झाडीत असत. त्यापुढे विचारले की मुले गप्प बसतात, आणि पुष्कळदा शिक्षकही. रस्ते झाडणारा एक विचित्र वेषाचा साधू एवढीच त्यांची ओळख शिल्लक राहिली आहे. हा माणूस रस्ते का झाडीत होता, झाडून झाल्यावर काय करीत होता, आणि पन्नास वर्षे हे काम करून त्याच्या हाती काय लागले, हे आपल्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटले.

त्यांचे घरचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव या खेड्यात झाला. जात परटाची. दुसऱ्यांची मळकी वस्त्रे नदीवर नेऊन धुऊन आणावयाची, हा जातीचा पिढीजात धंदा. वडील झिंगराजी यांची शेतीवाडी होती, पण दारूच्या नादाने ती हळूहळू हातची गेली. शरीरही गेले. 1884 साली ते वारले तेव्हा डेबू आठ वर्षांचा होता. आई सखुबाई पदरी मूल घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूर तालुक्यातील पूर्णाकाठचे दापुरे हे ते गाव. दारूने काय होते हे डेबूला पुढे कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज राहिली नाही; त्याने ते घरातच पाहिले होते.

दापुऱ्यास त्याने मामांची गुरे राखली. शाळेचे तोंड पाहिले नाही. गुरे राखणाऱ्या मुलाचे काम रानातून परतल्यावर संपत नाही. गोठा झाडायचा, शेण उचलायचे, गव्हाणी साफ करायच्या, गुरांना नदीवर नेऊन धुवायचे. हे काम डेबू मन लावून करी. पूर्णेला पूर आला तरी पोहून जाण्यात तो पटाईत होता, आणि रात्री भजनाला बसला की त्याचा आवाज सर्वांत वर निघे. पुढे जो माणूस हजारो लोकांना रात्र रात्र जागेवर बसवून ठेवणार होता, त्याची तालीम ही अशी गोठ्यात आणि भजनाच्या फडात झाली.

मामांचे शेत सावकाराकडे अडकले. कर्ज फेडत राहावे आणि कर्ज वाढतच राहावे, असा त्या काळी वऱ्हाडात घरोघरचा अनुभव होता. अंगठा कोणत्या कागदावर उमटविला हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. मामा त्या घोरात खचून गेले आणि वारले. शेत ताब्यात घ्यावयास सावकाराची माणसे आली तेव्हा तरुण डेबूजी नांगर धरून उभा राहिला आणि त्याने त्यांना बांधावरून परतविले. या प्रसंगाचे वर्णन त्यांच्या चरित्रकारांनी मोठ्या आवडीने केले आहे. आम्हांला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती यामागची गोष्ट. निरक्षर माणसाला कोणीही लुबाडू शकतो, हे त्याने त्या दिवसांत पक्के ओळखले. स्वतः कधी लिहावयास न शिकलेला हा माणूस मुलांना शाळेत घाला म्हणून जन्मभर गावोगाव सांगत राहिला, त्याचे मूळ येथे आहे.

1892 साली कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यावी असा रिवाज होता. न दिल्यास जात रुसे. डेबूजींनी गोडाचे जेवण केले. मंडळी नाराज झाली, कुरकुरली, आणि शेवटी जेवून गेली. समाजाचा एखादा वाईट रिवाज मोडावयाचा तर तो प्रथम स्वतःच्या अंगणात मोडावा, आणि मोडताना कोणाला उपाशी परत पाठवू नये, ही त्यांची रीत पुढेही दिसते.

1 फेब्रुवारी 1905 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते घर सोडून निघाले. म्हातारी आई, बायको आणि मुली मागे राहिल्या. या गोष्टीचे कौतुक करावे की नाही, याबद्दल आमच्या मनात आजही दोन मते आहेत. कुंताबाईंनी पुढे जे कष्ट काढले ते कोणी विचारून काढले नाहीत, आणि त्यांचे चित्र कोणत्याही कचेरीत लागलेले नाही. पण डेबूजी संसाराला कंटाळून किंवा कामाला भिऊन पळाले असे मात्र म्हणता येत नाही. घरी होते त्याच्या कितीतरी पट अधिक काम त्यांनी अंगावर घेतले.

वेष त्यांनी ठरवून घेतला असावा. निरनिराळ्या रंगांच्या चिंध्यांचे शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, एका पायात एका तऱ्हेचे पायताण तर दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेचे, आणि मातीचे एक फुटके गाडगे. ते गाडगे जेवणाचे ताट होई, पाणी प्यावयाचे भांडे होई, आणि ऊन लागले की टोपी होई. त्यावरून लोकांनी गाडगेबुवा म्हटले. कोठे चिंधेबुवा म्हणत, कोठे गोधडेबुवा. कोणी वेडा म्हणे, पोरे खडे मारीत, कुत्री अंगावर येत. प्रतिष्ठित साधूचा वेष केला असता तर लोकांनी आसन दिले असते, पाय धुतले असते, आणि मग हाती खराटा घेऊ दिला नसता.

आता त्यांच्या कामाची पद्धत. ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सर्व मर्म तिच्यात आहे.

गावात शिरताना ते कोणाच्या दारी जाऊन आपण कोण हे सांगत नसत. वेशीपासून झाडावयास सुरुवात करीत. तुंबलेली नाली दिसली की हाताने गाळ उपसून ती वाहती करीत. चावडीसमोरचा केर, विहिरीभोवतीचा चिखल, देवळामागची घाण, जेथे गावातले कोणी जात नाही आणि सर्व जण टाकतात, तेथे हा अनोळखी माणूस सकाळपासून राबताना दिसे. कोणी हटकले तर काम करून भाकरी मागणारा भिकारी समजून घेऊ देत. भाकरी कोणी दिली तर ती काम केल्यावाचून घेत नसत. दुसऱ्याचे लाकूड फोडून द्यावे, गोठा झाडून द्यावा, मग भाकरी घ्यावी, आणि ती ओसरीवर न बसता बाहेर झाडाखाली खावी. दुपारपर्यंत गावात बातमी पसरे की एक वेडा आपली गटारे उपसतो आहे. दोन पोरे मदतीला येत, मग चार तरुण येत. ज्या गावात त्यांना ओळखणारे निघत तेथे तर पाटीलही फावडे घेऊन उतरे, कारण बाबा घाणीत उभे असता काठावर उभे राहणे अवघड होई.

मग रात्री कीर्तन. तेथे बाबांचा खरा आवाज लागे. वऱ्हाडी बोली, शास्त्रीबुवांचा आव नाही, संस्कृताचे नाव नाही. ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडून उत्तर काढून घेत. दिवसा ज्या गल्लीतला केर काढला ती गल्ली रात्री कीर्तनात येई. ज्याच्या घरासमोर नाली तुंबली होती त्याला समोर बसूनच हसावे लागे. देव कोठे राहतो, तो घाणीत राहतो काय, नदीला आई म्हणावयाचे आणि तिच्या काठी विधी करावयाचा, ही कोणती भक्ती, असे ते विचारीत आणि सभा हसता हसता ओशाळी होई. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, नवसाला बकरे कापू नका, शिवाशीव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, त्यासाठी घरातले ताट विकावे लागले तरी विका आणि भाकरी हातावर घेऊन खा, असे त्यांचे सांगणे असे. कीर्तन संपले की लोक पाया पडावयास धावत. बाबा तोपर्यंत दुसऱ्या गावाच्या वाटेला लागलेले असत. कोणी पाय धरलेच तर काठी बसे. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, हे त्यांनी अखेरपर्यंत धरून ठेवले.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटते म्हणून थांबून सांगतो. ते झाडीत असत, पण गावासाठी झाडून देत नसत. पगारी झाडणारा येऊन गेला तर गावाला सुटल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा टाकतात. बाबा झाडीत ते लोकांना लाज वाटावी इतकेच, आणि लाज वाटली की खराटा लोकांच्या हाती जाई. ज्या जातीकडे गावाने पिढ्यान्‌पिढ्या घाण काढण्याचे काम लोटले होते, तिच्या हातातून ते काम काढून पाटला-ब्राह्मणांच्या हाती देणे, हे त्या काळी लहानसहान धाडस नव्हते. स्वच्छतेचा आणि शिवाशिवीचा संबंध इतका जवळचा आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले होते.

पहिले मोठे काम ऋणमोचनचे. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे गाव आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. लोक नदीत स्नानाला उतरत, पण काठ उभा आणि निसरडा होता. म्हातारी माणसे घसरत, बायका ओल्या वस्त्रांनिशी चिखलात पडत. घर सोडून दोन-तीन वर्षेच झाली होती, खिशात दमडी नव्हती. बाबांनी टोपले-फावडे घेऊन एकट्याने उतार कापावयास सुरुवात केली. यात्रेकरू पाहत, त्यांतले काही हात लावीत. पुढे वर्गणी जमून तेथे पक्का घाट झाला. त्याच यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना जेवण आणि वस्त्र देण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. महारोग्यांना ते स्वतः आंघोळ घालीत. त्यांच्याच अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आहे, ते आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. अशा रोग्यांच्या अंगाला हात लावणे म्हणजे काय, हे तेथे सेवा केलेल्या मंडळींना वेगळे सांगावयास नको.

यात्रा आणि घाण यांचे नाते त्या काळी जीवघेणे होते. पंढरपूरला आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे जमत. राहावयास जागा नाही, शौचाला सोय नाही, प्यावयाचे पाणी त्याच नदीचे. पटकीची साथ यात्रेबरोबर येई आणि परतणाऱ्या वारकऱ्यांच्या पावलांनी गावोगाव पसरे. बाबा पंढरीला वर्षानुवर्षे जात, पण देवळात दर्शनाच्या रांगेत उभे राहत नसत. त्यांचे ठिकाण चंद्रभागेचे वाळवंट. यात्रेकरू उठून गेले की उष्ट्या पत्रावळी, राख, चिंध्या आणि मैला यांचा जो थर मागे राही तो काढणे ही त्यांची वारी.

पण एक माणूस खराट्याने लाखांची घाण काढू शकत नाही, हे त्यांना कळत होते. माणसाला निजावयास ओसरी आणि शौचाला आडोसा मिळाला नाही तर तो घाण करणारच. त्याला नुसते रागावून काय उपयोग. म्हणून त्यांनी धर्मशाळा बांधावयास घेतल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंना कोणी ओसरीवर घेत नव्हते. पावसात ते वाळवंटात भिजत बसत. त्यांच्यासाठी बाबांनी 1917 च्या सुमारास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारण्यास सुरुवात केली. नाशिकला सदावर्त घातले. धर्मशाळेत उतरलेल्याने आपली जागा आपण झाडून जावी, अशी शिस्त होती.

पैसा आला कोठून, असे कोणीही विचारील. कीर्तनाला आलेल्या सामान्य लोकांनी दिला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही दिला. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्या हातून लाखो रुपयांची बांधकामे झाली आणि एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. त्यांनी विश्वस्त नेमले, दस्त करविले, आणि त्या संस्थांवर आपल्या नातलगांचा कोणताही हक्क राहणार नाही अशी व्यवस्था केली. कुंताबाई धर्मशाळेच्या आवाराजवळ साध्या झोपडीत राहिल्या. आपल्या मंडळ्यांतून हिशेबावरून जे कलह होतात ते पाहिले म्हणजे बाबांच्या चरित्रातील हे प्रकरण शब्बाथ शाळेपेक्षा कारभाऱ्यांच्या सभेत वाचावे असे मनात येते, असो.

1923 साली ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. तेथे निरोप आला की एकुलता एक मुलगा गोविंद गेला. कुत्रा चावल्याचे निमित्त झाले होते. बाबांनी निरोप ऐकला, क्षणभर थांबले, आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. ही गोष्ट त्यांच्या कठोरपणाची म्हणून सांगितली जाते. आम्ही ती तशी वाचत नाही. जे लोक दूरच्या गावांहून चालत येऊन समोर बसले होते त्यांतल्या कितीतरी घरांत त्याच साली साथीने आणि उपासमारीने मुले गेली असतील. आपले दुःख त्यांच्याहून मोठे मानून उठून जावे, हे त्यांना जमले नाही. त्या रात्री पुढे एकटे असताना त्यांचे काय झाले असेल, त्याची साक्ष कोणी ठेवलेली नाही.

हळूहळू मोठी माणसे जवळ आली. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांना मानीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आणि त्यांचे फार जमे. एक जण खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृहे काढीत होता, दुसरा त्या मुलांच्या बापांना कीर्तनातून तयार करीत होता. रयत शिक्षण संस्थेने 1954 साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचेच नाव दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचा स्नेह वेगळ्याच जातीचा होता. 1949 साली बाबा मुंबईत आजारी पडून रुग्णालयात होते. आंबेडकर तेव्हा देशाचे कायदामंत्री. ते कामातून वेळ काढून घोंगड्या घेऊन भेटीस गेले. बाबा कोणाकडून काही घेत नसत, त्या घोंगड्या मात्र त्यांनी घेतल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या वसतिगृहासाठी. एक विलायतेत शिकलेला विद्वान, दुसरा अंगठा उमटविणारा. एकाने हिंदू धर्म सोडण्याची घोषणा 1935 सालीच केलेली, दुसरा पंढरीचा. तरी दोघांना एकमेकांचे म्हणणे कळे.

8 फेब्रुवारी 1952 रोजी सर्व कामांसाठी गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. 1954 साली मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. गावाकडून आलेली माणसे रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर चुली मांडीत, तेथेच निजत, तेथेच सर्व विधी करीत, आणि शहरातले लोक नाक धरून त्यांना नावे ठेवीत. बाबांनी नावे ठेवली नाहीत, छप्पर दिले. पुढे दादरला त्यांच्या नावाने दुसरी धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी येणारी गरीब कुटुंबे तेथे उतरतात.

बाबांच्या काळचा केर आणि आजचा केर यांत एक मोठा फरक आहे. पळसाच्या पत्रावळी, शेण, राख, केळीची साले, चिंधी, जे काही ते झाडून उकिरड्यावर टाकीत, ते दोन पावसाळ्यांत मातीत जाई आणि शेताला खत होई. आज जे झाडले जाते ते कुजत नाही. गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, थर्माकोलच्या ताटल्या. नाली एकदा त्यांनी तुंबली की पाणी साचते, डास होतात, आणि मग हिवताप. महाराष्ट्राने 2018 साली प्लॅस्टिकच्या पुष्कळ वस्तूंवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरून फेकावयाच्या काही वस्तूंना बंदी आली. बाजाराच्या दिवशी सायंकाळी कोणत्याही गावच्या चौकात उभे राहिले म्हणजे त्या बंदीचे काय झाले ते दिसते. आणि हे केवळ बाजाराचे आहे असे नाही. आपल्या मंडळीची परिषद किंवा हंगामाचा सण आटोपल्यावर मांडवाखाली काय पडलेले असते, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. ते बहुधा एखादी गरीब बाई मजुरीने उचलते.

सरकारांनी बाबांचे नाव विसरू दिलेले नाही. महाराष्ट्रात 2000-01 साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावागावांत स्पर्धा लागली, बक्षिसे ठेवली गेली, आणि काही गावे खरोखर पालटली. अभियानाचा जोर मुख्यतः लोकांनी स्वतः काम करण्यावर होता, म्हणून त्यात बाबांचा गंध होता. बक्षीस मिळाल्यावर हात झटकून मोकळी झालेली गावेही आम्ही पाहिली आहेत. तेलंगणात 2019 पासून पल्ले प्रगती या योजनेत ग्रामपंचायतींना ट्रॅक्टर मिळाले, कचऱ्यासाठी वेगळी जागा मिळाली. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातच इचोडा मंडलात मुखरा (के) नावाचे गाव आहे. तेथील लोकांनी घरोघरचा ओला कचरा वेगळा ठेवून त्याचे गांडूळखत केले आणि ते विकून ग्रामपंचायतीला उत्पन्न मिळवून दिले. तलमडुगुहून तेथे जाऊन येणे काही दूर नाही. शिक्षकांनी वर्गातील मोठ्या मुलांना एकदा दाखवून आणावे. खराट्याचे चित्र रंगविण्यापेक्षा ते त्यांना अधिक कळेल. ट्रॅक्टर सगळ्यांनाच मिळाला. घरातच ओले-सुके वेगळे करण्याची सवय सगळ्यांनी घेतली नाही, आणि गावागावांतला फरक येथे पडतो.

बाबांच्या अखेरच्या वर्षाकडे वळू. 1956 साली वय ऐंशी झाले होते आणि प्रकृती ढासळली होती, तरी हिंडणे थांबले नव्हते. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची नवी मांडणी झाली. बाबांचे वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. निजामाच्या जुन्या राज्यातला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, आणि त्यातील किनवट व राजुरा हे मराठी तालुके तोडून मुंबई राज्यास जोडले गेले. तलमडुगुकडची मराठी घरे सीमेच्या अलीकडे राहिली, ती अशी. त्याच महिन्यात, 8 तारखेला, बाबांनी मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या आवारात कीर्तन केले. ते ध्वनिफितीवर घेतले गेले, म्हणून त्यांचा आवाज आज ऐकावयास मिळतो. थकलेला आवाज आहे, पण प्रश्न विचारून लोकांकडून उत्तर काढून घेण्याची रीत तीच, आणि लोकांचे हसणेही ऐकू येते. आम्ही शिक्षकांना ते ऐकण्याची शिफारस करतो. वर्गात न ओरडता लक्ष कसे धरून ठेवावे, याचा तो उत्तम पाठ आहे.

6 डिसेंबरला दिल्लीत आंबेडकर गेले. बाबांना ती बातमी फार लागली. त्यांच्या भोवतीच्या लोकांनी सांगितले आहे की त्यानंतर त्यांनी खाण्यापिण्यावरून आणि औषधावरून मन काढले. दोन आठवड्यांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, मोटारीतून अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांचे प्राण गेले. घर सोडले त्याला एक्कावन्न वर्षे होऊन गेली होती. या सर्व काळात त्यांनी स्वतःसाठी एक खोलीही बांधली नव्हती.

आपल्यामागे आपली मूर्ती करू नये, समाधी बांधू नये, देऊळ उभारू नये, असे ते सांगत आले होते. लोकांनी ते ऐकले नाही. अमरावतीत मोठा जनसमुदाय लोटला, तुकडोजी महाराजांनी पुढे होऊन सर्व व्यवस्था पाहिली, आणि जेथे अंत्यविधी झाला तेथे समाधी झाली. तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. दर वर्षी डिसेंबरात तेथे लोक जमतात, अन्नदान होते, आणि पंगती उठल्यावर काही जण खराटे घेऊन आवार झाडावयास लागतात.